पाणपोई: दान की देणं?

जळगाव-भुसावळ महामार्गावरच्या नशिराबादला मे महिन्यात भर दुपारी एसटीची वाट पाहणं सोपं नाही. जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. बस रद्द झाली की म्हाताऱ्याकोताऱ्यांचे फार हाल होतात.



अशा वेळी तहानलेल्या प्रवाशाला पाणी देणं हे दान, की त्याचं देणं?

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर पुजतात. मुस्लिम समाजात सबील, म्हणजे पाणपोई, लावणं पुण्याचं मानतात. २०२२ साली आखाजी आणि रमजान ईद ३ मे रोजी एकाच दिवशी आल्या. एकनाथांच्या कथेत रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल तहानलेल्या गाढवाच्या मुखी जातं. तिथे पात्र-अपात्र कुणी विचारत नाही. तहान हाच हक्क ठरतो.

हक्क म्हटला की जबाबदारी एकट्या दात्याची उरत नाही. पाणपोईवाला रांजणाला ओलं बारदान गुंडाळतो. त्यातल्या पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते आणि आतलं पाणी गार राहतं. एवढी काळजी एक माणूस घेतो, तर थांब्यावर सावलीची शेड, बाकडं, ओआरएसची पाकिटं आणि गाडी उशिरा येणार असल्याची वेळेवर घोषणा, ही व्यवस्था नगरपरिषदेनं आणि एसटी महामंडळानं उन्हाळ्याआधीच करायला हवी. ते त्यांचं कर्तव्यच आहे.