मागे कोण बसतं?

बाइकचा पुढचा भाग पंचवीस मिलिमीटर खाली घ्यायला तासभरही लागत नाही. पुढचं चाक हवेत धरायचं, क्लॅम्पचे बोल्ट सैल करायचे, फोर्कचे दोन्ही पाइप सारखे वर सरकवायचे, पुन्हा आवळायचं. जुन्या गाडीची कॅफे रेसर करत होतो, तेव्हा बुलडाण्यातल्या गॅरेजवाल्या काकांनी पाना हातात घेण्याआधी एकच विचारलं, "मांगं कोन बसते तुह्या?"

"कोणी नाही," मी म्हणालो. कारण लूक हवा होता.

गणित मी आधीच केलं होतं (डिग्री कुठेतरी वापरायला हवी ना). दोन चाकांत साधारण १३०० मिलिमीटर अंतर असेल, तर पुढून २५ उतरवल्यावर फोर्क एक अंशाने जास्त उभा होतो. हँडल ज्या दांड्याभोवती फिरतं, त्याची रेषा खाली वाढवली तर ती टायर जमिनीला टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला टेकते. या अंतराला ट्रेल म्हणतात. गाडीला सरळ ठेवतं ते हेच, आणि माझ्या गाडीत ते सहा-सात मिलिमीटरने घटलं. गाडी आता झटकन वळते. वेगात खड्डा लागला की हँडलही झटकन थरथरतं. सीट पुढे कलते, हेडलाइटचा झोतही खाली पडतो.

गाडी माझी, पैसे माझे, जीव माझा, असं आपण म्हणतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल मोकळे सोडत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत असं सांगितलं. पण आरसी बुकात फोर्कची उंची नसते. एमएच २८ ची पाटी बघणाऱ्या पोलिसाला पंचवीस मिलिमीटर दिसणार नाहीत. म्हणजे पकडणारं कोणी नाही.

मग एका रविवारी आईला मोताळ्याला सोडायला निघालो. राजूर घाटाच्या उतारावर एका वळणाला ब्रेक दाबला, तशी ती एका बाजूला बसलेली अख्खी घसरून माझ्या पाठीवर आली. काही बोलली नाही. फक्त खांद्यावरची पकड घट्ट झाली, ती मोताळ्यापर्यंत सुटली नाही.

घरी तिला सगळं सांगितलं. फोर्क, कोन, ट्रेल, सगळं. मनात होतं की सांगितलं म्हणजे विचारल्यासारखं झालं. ऑफिसात आपण तेच करतो, नियम व अटींखाली एक टिक मागतो आणि मोकळे होतो. आई म्हणाली, "मले काय समजते त्यातलं? तू चालवशीन नीट."

याला संमती म्हणायचं का? तिने गाडीला हो म्हटलंच नव्हतं, मला म्हटलं होतं. आणि मी तर काकांना तिचं नावही सांगितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी गॅरेजमध्ये गेलो. पाइप पंधरा मिलिमीटर परत खाली घेतले. पूर्ण पंचवीस का नाही, असं काकांनी विचारलं नाही. आईला दहा राहिलेत हे अजून सांगितलेलं नाही.