सांचीची उलटी तुळई

सांचीच्या महास्तूपाच्या दक्षिण तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख कोरलेला आहे. सातवाहनांच्या इतिहासात रस असणाऱ्या मराठी वाचकाला तो परिचयाचा असतो. त्याच तोरणाची दुसरी एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्याच्या तीन आडव्या तुळयांपैकी सर्वांत वरची आणि सर्वांत खालची उलटी बसलेली आहे. जी अधिक कोरीव बाजू येणाऱ्याला दिसायला हवी, ती स्तूपाकडे तोंड करून आहे. ही चूक प्राचीन शिल्पींची नव्हे, एकोणिसाव्या शतकात पडलेले तोरण पुन्हा उभे करणाऱ्यांची आहे. जुनी वास्तू राखायची म्हणजे नेमके काय राखायचे, या प्रश्नाचे उत्तर दोनशे वर्षांत कसकसे बदलले हे पाहायला सांचीसारखी सोयीची जागा दुसरी नाही, कारण त्या बदलाच्या बहुतेक पायऱ्या चुकांसकट तिथे शिल्लक आहेत. जुन्याबद्दलचा आदर वाढला म्हणून जतनाचा विचार प्रगल्भ झाला असे आपण समजतो. मला ते कारण अपुरे वाटते. आपण आज जे करतो आहोत ते उद्या चुकीचे ठरेल, ही शंका हळूहळू कामाच्या पद्धतीतच मुरत गेली; खरा फरक त्यामुळे पडला.

१८१८ साली जनरल टेलर याने सांचीची टेकडी पाहिली तेव्हा महास्तूपाचा घुमट शाबूत होता आणि चारपैकी तीन तोरणे उभी होती. दक्षिणेचे तेवढे पडलेले होते. १८२२ मध्ये भोपाळच्या पोलिटिकल एजंटचा साहाय्यक कॅप्टन जॉन्सन याने महास्तूप एका बाजूने माथ्यापासून पायापर्यंत खणून काढला. मागे राहिलेल्या भगदाडामुळे पुढे पश्चिमेचे तोरण आणि कठड्याचा काही भाग कोसळला. कित्येक शतके बेवारस पडूनही जे टिकले होते, ते ‘शोध’ लागल्यावर काही वर्षांत ढासळले. याचे खापर केवळ परक्यांवर फोडण्यात अर्थ नाही. तिथल्या अशोकस्तंभाचे तुकडे करून ते उसाच्या चरकाला लावू पाहणारा जमीनदार स्थानिकच होता. दोघांच्या दृष्टीने वास्तूला स्वतःचे असे मोल नव्हते. एकाला ती आतल्या ऐवजाभोवतीचे वेष्टन वाटली, दुसऱ्याला तयार दगडाची खाण.

१८५१ मध्ये अलेक्झांडर कनिंगहॅम आणि कॅप्टन मेसी सांचीला आले. त्यांच्या खोदकामामागे विद्या होती. तिसऱ्या स्तूपात सारिपुत्र आणि मौद्गल्यायन यांच्या नावांचे अस्थिकरंडक मिळाले, दुसऱ्यात अनेक बौद्ध आचार्यांचे. ग्रंथांतून माहीत असलेली माणसे दगडावरच्या अक्षरांत सापडली आणि बौद्ध धर्माच्या इतिहासाला भक्कम आधार मिळाला. परंतु वास्तूकडे पाहण्याची दृष्टी जॉन्सनहून फार वेगळी नव्हती. सोन्याच्या जागी पुरावा आला, एवढेच. स्तूप मात्र वेष्टनच राहिला. अवशेष इंग्लंडला गेले आणि फोडलेले स्तूप तसेच उघडे पडले. पुढे पूर्वेचे अख्खे तोरण युरोपात न्यावे अशी मागणी निघाली, तेव्हा वेगळा निर्णय झाला. तोरण जागेवर राहिले आणि १८६९ मध्ये हेन्री हार्डी कोल याने त्याचे साचे घेतले. त्यांवरून काढलेल्या प्लास्टरच्या प्रतिकृती लंडनसह युरोपात पोहोचल्या. नक्कल प्रवास करू शकते, अस्सल वस्तूने आपल्या जागी राहावे, हा विचार आज साधा वाटतो. त्या काळी युरोपची संग्रहालये नेमक्या उलट्या समजुतीवर भरत होती.

हाच कोल १८८१ मध्ये प्राचीन वास्तूंचा क्युरेटर म्हणून सांचीला परतला. त्याने जंगल साफ केले, महास्तूपाचे भगदाड बुजवले आणि पडलेली तोरणे उभी केली. तो नसता तर आज बरेच काही उरले नसते, हे मान्यच करायला हवे. उलट्या तुळया मात्र त्याच्याच कामातल्या. त्या वेळी युरोपात याच प्रश्नावर दोन पक्ष पडलेले होते. फ्रान्समध्ये वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने जुन्या चर्चना, किल्ल्यांना त्यांचे ‘पूर्ण’ रूप दिले होते, मग ते रूप पूर्वी कधी अस्तित्वात असो वा नसो. इंग्लंडमध्ये रस्किनने १८४९ मध्येच अशा पुनर्निर्मितीला खोटेपणा म्हटले होते आणि १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने त्या विरोधासाठी संस्थाच काढली. कोल या वादात नेमका कुठे बसतो हे सांगणे कठीण आहे; त्याला तोरणे उभी राहिलेली हवी होती आणि ती राहिली. कोणता दगड कुठे व कोणत्या बाजूने बसतो, हे पडताळून पाहण्याची शिस्त अजून तयार व्हायची होती.

ती शिस्त जॉन मार्शलने आणली. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने त्याला पुरातत्त्व खात्याचा प्रमुख नेमले, १९०४ मध्ये प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९१२ ते १९१९ या काळात मार्शलने सांचीचे काम केले. त्याने महास्तूपाची नैर्ऋत्येकडची, कोसळू पाहणारी बाजू उतरवून पुन्हा रचली आणि तिसऱ्या स्तूपाचा घुमट नव्याने उभारला. म्हणजे दुरुस्ती त्यानेही भरपूर केली. फरक असा की तोडण्याआधी आणि जोडण्याआधी तो पाहत होता, मोजत होता, लिहून ठेवत होता. कोलच्या तुळया उलट्या आहेत, हेही त्यानेच नोंदवले. महास्तूपाच्या पोटात अशोककालीन विटांचा, आकाराने सुमारे निम्मा स्तूप आहे आणि दगडी कवच नंतरचे आहे, हेही याच अभ्यासातून पुढे आले. या एका शोधाने ‘मूळ स्वरूपात आणा’ या मागणीतली हवाच काढून घेतली. मूळ म्हणजे कोणते? अशोकाच्या विटा, त्यांवर चढवलेला दगड, सातवाहनकाळातली तोरणे, की गुप्तकाळात प्रवेशांसमोर बसवलेल्या बुद्धमूर्ती? एक निवडले की उरलेले नष्ट करावे लागते. मार्शलने १९२३ मध्ये खात्यासाठी लिहिलेल्या संवर्धनाच्या नियमपुस्तिकेत कल्पनेने केलेल्या नूतनीकरणाला मनाई आहे. अर्धवट झिजलेला अस्सल भाग नव्या सफाईदार भागापेक्षा मोलाचा मानला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेत जगाने साधारण हेच मान्य केले: तर्क सुरू होतो तिथे पुनर्बांधणी थांबावी.

पण काळजी आणि शास्त्र असले की झाले, असेही नाही. मार्शलची पुस्तिका निघण्याच्या थोडे आधीच, १९२० ते १९२२ मध्ये, निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे वाचवण्यासाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला धरवला; ते काम उपयोगी ठरले. चित्रांवर मात्र लाखेचे वॉर्निश चढले. ते पुढे पिवळे, मग काळपट पडत गेले, त्यावर धूळ आणि काजळी बसली आणि त्याखाली रंग मंद झाले. तो थर उतरवण्यात पुढच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक दशके खर्च करावी लागली. इथे कोणी निष्काळजी नव्हते, कोणी लोभी नव्हते. तत्कालीन उत्तम ज्ञान वापरले गेले आणि तेच अंगलट आले. म्हणूनच आज संवर्धक असा पदार्थ शोधतो जो पुढे काढून टाकता येईल, आणि कमीत कमी हात लावतो. कोलची चूक निदान आजही दिसते, कारण दगड तेच आहेत आणि पलटी कळते. कोरीवकाम बिघडले म्हणून त्याने नवे दगड घडवून बसवले असते, तर चूक ओळखायला काहीच उरले नसते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हलका नाही. दगड जपण्याची ही ओढ पाश्चात्त्य आहे. आपल्याकडे वास्तू जपायची ती तिचा वापर जपून, आणि जीर्णोद्धार हे पुण्यकर्म आहे. पुरावा या बाजूने भरपूर आहे. कान्हेरीच्या नवव्या शतकातल्या लेखांत विहाराच्या दुरुस्तीसाठी, भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि ग्रंथांसाठी दान दिलेले आहे. वेरूळचे घृष्णेश्वर अहिल्याबाईंच्या जीर्णोद्धारामुळे आज उभे आहे. खुद्द सांचीचा दगडी कवचधारी स्तूप हा अशोकाच्या स्तूपाचा जीर्णोद्धारच नाही का? १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणा प्रत्येक संस्कृतीने आपापल्या मूल्यांनुसार ठरवावा, असे मान्य केले आणि २००४ मध्ये इंटॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या सनदेने भारतातल्या पारंपरिक कारागिरीला जतनाचा भाग मानले. हे सगळे मला पटते. परंतु तो जुना जीर्णोद्धार ज्या कारागिरांच्या, साहित्याच्या आणि पूजेच्या अखंड परंपरेत होत असे, ती परंपरा टिकली आहे तिथेच हा युक्तिवाद लागू पडतो. आज गावोगावच्या हेमाडपंती मंदिरांत दिसतात त्या चकचकीत टाइल्स, कोरीव खांबांवर ऑइलपेंटचे थर, आणि चुन्याच्या जागी सिमेंट. चुन्याचा दर्जा राहिला नाही म्हणून सिमेंट, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात चुना भिंतीतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती अडवून धरते आणि शेजारचा नरम दगड फुटू लागतो. परंपरेचे नाव घेऊन परंपरेला अनोळखी असलेले साहित्य वापरणे हा जीर्णोद्धार नव्हे. श्रद्धेला जागा करून देण्याचा दुसरा मार्ग सांचीनेच दाखवला आहे. इंग्लंडहून परत आलेले अस्थी-अवशेष १९५२ मध्ये ठेवले गेले ते त्याच टेकडीवर नव्याने बांधलेल्या विहारात, जुन्या स्तूपात नव्हे.

दुसरा आक्षेप मागणीच्या रूपात येतो, आणि ती आपल्या जास्त जवळची आहे: रायगडावरचा राजवाडा पुन्हा उभारा. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी तो जळाला. दगडी जोती राहिली, लाकूडकाम गेले. जगदीश्वराच्या मंदिरावरचा हिरोजी इंदुलकराचा लेख कोणकोणत्या प्रकारची बांधकामे झाली ते सांगतो, ती कशी दिसत होती ते सांगत नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनच्या नोंदींवरून आराखडा काढता येत नाही. मग जे उभे राहील ते आजच्या एखाद्या वास्तुविशारदाच्या कल्पनेतले असेल आणि ते खऱ्या जोत्यांवर बसलेले असेल. रचनेची कल्पना प्रतिकृतीतून, चित्रातून, पडद्यावरून कितीही द्यावी. जोती मात्र मोकळी राहिली पाहिजेत. लोकांना प्रेरणा हवी हे खरे आहे, पण ती मिळवण्यासाठी महाराजांच्या काळातला एकुलता एक साक्षीदार गप्प करायचा, हा सौदा महाग आहे.

तिसरा आक्षेप रहिवाशांचा आहे, आणि त्याला सैद्धान्तिक उत्तर पुरत नाही. वास्तुसंरक्षणाच्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्राने संरक्षित केलेल्या वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. जुन्या पेठेतल्या कुटुंबाला आपले घर वाढवता येत नाही. त्याच वेळी वास्तूला लागून असलेली खरी अतिक्रमणे तशीच राहतात. टेकडीवरच्या स्तूपाला आणि गजबजलेल्या पेठेतल्या दर्ग्याला एकच मोजपट्टी लावणे, हे प्रत्येक वास्तूचा स्वतंत्र अभ्यास न करण्याचे निमित्त आहे. तो अभ्यास व्हावा, प्रत्येक स्थळासाठी स्वतंत्र उपविधी असावेत, असे त्याच कायद्यात लिहिले आहे. साडेतीन हजारांहून अधिक केंद्रसंरक्षित वास्तूंसाठी ते बनवायला माणसे आणि पैसा लागतो, शिवाय दुरुस्तीच्या नोंदी सर्वांना पाहता येतील अशा खुल्या ठेवाव्या लागतात.