रेषेपलीकडचे तीन हात

अंबड तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर कबड्डीचा आंतरशालेय सामना होता. मी नववीत, डाव्या कोपऱ्यावर. समोरचा चढाईपटू बोनस घेऊन वळला. एक पाय हवेत, तोंड मध्यरेषेकडे. मी धावत जाऊन खांदा घातला. तो फक्कीच्या रेषेपलीकडे तीन हातांवर मंडपाच्या खांबाला जाऊन आदळला. शिट्टी वाजली, गुण आम्हाला मिळाला, पोरांनी मला उचलून घेतलं. तो उठला तेव्हा उजव्या हाताने डावा हात सावरून धरला होता. खांद्याजवळचं हाड मोडलं होतं.

संध्याकाळी स्टँडवर तो गळ्यात टॉवेलची झोळी बांधून बसला होता. मला म्हणाला, "डॅश चांगला मारला रे तू." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

पंचांचं काही चुकलं नव्हतं. कबड्डीत अंगाने रेटून चढाईपटूला मैदानाबाहेर घालवतातच, तोच डॅश. दम कोंडायला तोंड दाबणं, पायांची कैची घालणं, इजा होईल अशी दांडगाई करणं, याला नियमात मनाई आहे. पण दांडगाई झाली की नाही हे पंच ठरवणार ते माणूस पडल्यावर. त्याआधीचा क्षण एकट्या रक्षकाचा असतो. समोरच्याचा पाय टेकलाय का, तो आपल्याला बघतोय का, त्याच्या मागे काय आहे? मला त्या दिवशी या तिन्ही गोष्टी दिसल्या होत्या. खांबसुद्धा.

बर्फावरच्या हॉकीत अशा धडकेला बॉडी चेक म्हणतात. ज्याच्याकडे चकती आहे त्याला अंगाने अडवता येतं, पण पाठीमागून कठड्यावर ढकललं तर शिक्षा होते. कॅनडात अनेक ठिकाणी मुलांच्या जर्सीवर पाठीमागे, मानेखाली, लाल रंगात 'स्टॉप'चं चिन्ह शिवलेलं असतं. धावत येणाऱ्याला पाठ दिसली की ते चिन्ह दिसावं आणि त्याने स्वतःला आवरावं, एवढ्यासाठी. अमेरिकेत २०११-१२च्या हंगामापासून अकरा-बारा वर्षांच्या गटातून बॉडी चेकच काढून टाकला. हे वाचलं तेव्हा मला त्या चढाईपटूची पाठ आठवली. तिच्यावर काही शिवलेलं नव्हतं, पण ती पाठच होती.

आता मी मुलांना शिकवतो. २०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून पोरं डॅश टीव्हीवरच शिकून येतात. तिथे खाली मॅट असते, रेषेबाहेरही मोकळी जागा. आमच्याकडे मुरूम, आणि पावसाळा सरला की दगडासारखी होणारी काळी जमीन. तालमीत माती आधी खणून, तेल-ताक घालून मऊ करतात, मग कुस्ती लावतात. आम्ही फक्की मारली की मैदान तयार झालं म्हणतो! म्हणून सरावाआधी मी पोरांना रेषेच्या बाहेरून फिरवतो. खुंट्या, दगड, पाण्याचा ड्रम, सगळं त्यांच्याच हातांनी हलवायला लावतो. धडकेला डोकं वर आणि बाजूला, खांदा बरगडीखाली, समोरून किंवा कुशीतून. आणि एक हात चढाईपटूच्या कमरेला राहिलाच पाहिजे. तो पडला तर आपल्याला घेऊन पडेल. म्हणजे त्याचं पडणं थोडं आपल्याही अंगावर येतं.

मागच्या हिवाळ्यात परतूरकडच्या एका सामन्यात माझ्या कोपऱ्यावरच्या पोराने शेवटच्या मिनिटाला चढाईपटू सोडून दिला. "सर, त्याचा पाय टेकला नव्हता, अन् मागं बाकं होते," एवढंच म्हणाला. सामना दोन गुणांनी गेला. येताना जीपमध्ये त्याच्याशी कोणी बोलेना. मी त्याला पुढे माझ्याजवळ बसवलं. खरं तर चढाईपटूला कमरेत धरून आत ओढता आलं असतं. ती पकड माझ्या पोराला अजून येत नाही, कारण मी ती नीट शिकवलेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघंच मैदानावर होतो.