विटाळ नेमका कोणाचा?

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये संत चोखामेळा गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारापाशी आहे, पण ते ज्या जातीत जन्मले तिला देवळाचे दार १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतरच उघडले. मेलेली ढोरे ओढणे हे या जातीवर लादलेले काम, आणि त्याच कामाचा तिला विटाळ.

शिवाशिव पाळणे ही पूर्वजांची आरोग्यव्यवस्थाच होती, असे समर्थन अजून ऐकू येते. ते तपासायला जनावरांच्या फाशी रोगाइतके चांगले उदाहरण नाही.

फाशीने जनावर अचानक मरते, पोट फुगते, नाकातोंडातून न गोठणारे काळपट रक्त येते. त्या रक्तात बॅसिलस अँथ्रॅसिस हा जिवाणू खच्चून भरलेला असतो. कातडे शाबूत राहिले तर धड कुजताना आतले बहुतेक जिवाणू मरतात. धड फाडून हवा लागली की मात्र त्यांचे बीजाणू बनतात आणि मातीत दशकानुदशके तग धरतात. हे जीवनचक्र रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये उलगडून दाखवले. ब्रिटिशांनी १९४२ मध्ये स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर या बीजाणूंची चाचणी केली. ते बेट सुरक्षित जाहीर व्हायला १९९० उजाडले.

म्हणजे धोका होता तो ढोर फाडण्यात. गावाने नेमके तेच एका समाजाकडून करवून घेतले. सोलणाऱ्याच्या हातावरच्या ओरखड्यातून बीजाणू शिरले की काळपुळी होते: आधी खाजरी पुळी, मग न दुखणारी काळी खपली. औषध नसेल तर पाचांतला एखादा दगावतो. पण हा रोग माणसाकडून माणसाला जवळजवळ लागतच नाही! त्या माणसाची सावली टाळून कोणाचाही जीव वाचला नाही. त्याने सोललेल्या कातड्याची मोट मात्र विहिरीत उतरत होती, आणि तिच्या पाण्याला विटाळ नव्हता.

ही रोगाची जाण नव्हे. जोखीम एकाच्या अंगावर ढकलायची आणि वर त्यालाच अपवित्र ठरवायचे, असा हा धर्माच्या नावाने चाललेला अन्याय होता. डॉ. आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडला मृत जनावरांचे मांस सोडा असे सांगितले, ते स्वाभिमानासाठी. जीवशास्त्रही त्यांच्याच बाजूने होते.

आज फाशीचा संशय असला तर पशुवैद्यक शवविच्छेदन टाळतात, कानाच्या शिरेतले थेंबभर रक्त काचपट्टीवर तपासतात. मेलेले जनावर उचलणाऱ्यालाही हातमोजे, गमबूट आणि रोगाची माहिती गावाच्या खर्चाने मिळायला हवी, मग तो कोणत्याही जातीचा असो.