चार चोर, पाच आरोपी

नीरा डाव्या कालव्याकाठी, इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर रात्री चोर शिरले. कोयत्याचा धाक दाखवून त्यांनी सूनबाईच्या गळ्यातलं डोरलं ओरबाडलं आणि उसात पसार झाले. सकाळी तिनं जबाब दिला : चौघे होते, तोंडं बांधलेली होती.

महिन्याभरात पोलिसांनी पाच जण उभे केले. खालच्या कोर्टानं त्यांना दरोड्याची शिक्षा ठोठावली. उच्च न्यायालयात अपिलात मात्र पाचही जण निर्दोष सुटले. संतापलेले आबा, तिचे सासरे, बारामतीला वकिलांकडे आले.

"साहेब, दिल्लीपर्यंत जाऊ. लागेल तेवढा पैसा घालतो. चोर सुटले!"

वकिलांनी निकालपत्र उघडलं. "सूनबाई चौघे म्हणाली होती. कोर्टात पाच कसे झाले?"

आबा घुटमळले. "दरोड्याच्या कलमाला पाच माणसं लागतात म्हणे. मीच तिला पाच सांगायला लावलं."

"आणि तोंडं बांधलेली होती, तर ओळख परेडीत तिनं ओळखलं कसं?"

"आदल्या दिवशी ठाण्यात दाखवले होते."

वकील क्षणभर थांबले. "आबा, २००३ मध्ये नाशिकजवळ दरोडा पडला, घरातली माणसं मारली गेली. वाचलेल्या बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून चार गुन्हेगार ओळखले. तपास त्यांच्याकडे वळलाच नाही. भटक्या जमातीतल्या दुसऱ्याच सहा जणांना धरलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. मग ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री यांच्या खंडपीठानं फेरविचारात सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर त्यांच्या आयुष्याची जवळपास सोळा वर्षं गेली होती. आणि त्या बाईला तरी न्याय कुठे मिळाला?"

"म्हणजे आमचे चोर..."

"ते उच्च न्यायालयात सुटले नाहीत. हे पाच जण धरले, त्याच दिवशी सुटले. त्यानंतर त्यांना कुणी शोधलंच नाही. चोर चार आणि शिक्षा पाचांना. त्यात एक तरी निरपराध होता, हे तुमच्याच घरच्या पहिल्या जबाबात लिहिलेलं होतं."

आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिल्लीचं राहू द्या. पुढच्या तपासासाठी अर्ज लिहा. सुनेचा पहिला जबाब वर जोडा, आणि मी तिला काय बोलायला लावलं, तेही लिहा. सही मी करतो."

तात्पर्य : शिक्षा पक्की व्हावी म्हणून साक्षीत कालवलेलं खोटं निरपराधाला तुरुंगात धाडतं आणि खऱ्या चोराला मोकळी वाट करून देतं.