आईबाबांचा वेळ कोणाचा?

आईवडिलांचा वेळ कोणाचा असतो? त्यांचा स्वतःचा, की मुलाबाळांचा? एरवी हा प्रश्न आमच्या मनात आला नसता. तो आला मॅरेथॉनमुळे.

2024 च्या जानेवारीत आमच्या घरातली आई मुंबई मॅरेथॉन धावली. बाबा घर सांभाळत होते. हे लिहिताना मात्र आम्ही दोघेही आहोत.

मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. ते एका दिवसात जमत नाही. आमची तयारी अठरा आठवडे चालली. आठवड्यातून चार दिवस धावायचे, आणि रविवारचे अंतर हळूहळू 12 वरून 30 किलोमीटरपर्यंत न्यायचे. सकाळची लोकल, अंधेरीचे ऑफिस, दोन मुलांचे डबे आणि अभ्यास यांतून वेळ काढायचा तर पहाटच उरते. गावातल्या आणखी तिघांसोबत गिरीज-भुईगावच्या रस्त्याने अंधारात धावून आई आठच्या मिस्साला हजर असे.

शेजारीपाजारी विचारत, "मुलांकडे कोण बघतं?" प्रश्न चुकीचा नव्हता. पण बाबा दहा वर्षे दर रविवारी फुटबॉल खेळायला जात होते, तेव्हा हे कोणीच विचारले नव्हते. आम्हीसुद्धा नाही. याची आम्हांला लाज वाटली.

तरीही खरा प्रश्न शेजाऱ्यांनी नव्हे, आमच्या धाकटीने विचारला. नोव्हेंबरातला रविवार होता. सकाळी 24 किलोमीटर झाले होते. जेवताना ती नाताळच्या नाटुकलीतली आपली भूमिका सांगत होती आणि आईचा ताटावरच डोळा लागला. मुलगी रडली नाही. एवढेच म्हणाली, "आई, तू घरी असतेस तेव्हापण धावतच असतेस."

त्या रात्री आम्ही बराच वेळ बोलत बसलो. धावणे सोडून द्यावे का? सोडणे सोपे होते, आणि लोकांनी त्याला त्यागही म्हटले असते. पण मग मुले काय शिकतील? आई झाली की स्वतःची इच्छा संपते, हेच ना? आणि काहीही न बदलता धावत राहिलो तर ती शिकतील की ज्याला जिंकायचे असते त्याने घरच्यांना गृहीत धरावे. आम्हांला दोन्ही धडे नको होते.

आमची चूक वेळ घेण्यात नव्हती, न विचारता घेण्यात होती. दुसऱ्या दिवशी आम्ही मुलांना समोर बसवून विचारले. मोठ्याने डबा स्वतः भरायचे कबूल केले. बाबांनी दोन रविवारांचा फुटबॉल सोडला. धाकटीची अट एकच होती: रविवारी दुपारी आईने आधी झोपायचे आणि उठल्यावर तिचे सगळे ऐकायचे. एका रविवारचे लांब धावणे तर आम्ही रद्दच केले. नाटुकली त्याच दिवशी होती.

शर्यत रविवारी, म्हणून मिस्सा शनिवारी संध्याकाळीच ऐकली. पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळून धाव सुरू झाली. साधारण 30 किलोमीटरनंतर अंगातली साखर संपत येते आणि पाय जड होतात. त्यातच परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येतो. तो आईने चालतच पार केला. पावणेसहा तास लागले. शेवटी पदक मिळाले. ते आता मुलांच्या दप्तरांशेजारी खिळ्याला टांगलेले आहे. धाकटी पाहुण्यांना सांगते, "आमचं पदक."

तिचे म्हणणे खरे आहे. संत पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आपली धाव संपवल्याचे म्हटले आहे. आपल्याला तेवढेच आठवते. पण त्याच पत्रात, काही ओळींनंतर, तीमथ्याला लवकर यायला सांगितले आहे आणि येताना झगा व पुस्तके आणायलाही. धाव संपवणाऱ्यालाही कोणीतरी झगा आणून द्यावा लागतो.

आपल्यापैकी प्रत्येकजण कशाच्या तरी मागे धावत असतो: नोकरी, अभ्यास, घराचे बांधकाम, चर्चमधली सेवासुद्धा. त्यासाठी लागणारा वेळ कोणीतरी आपल्याला देत असते. आज मिस्साहून घरी गेल्यावर जेवताना एकदा विचारू या: माझ्या धावण्यासाठी तुम्ही काय सोडता आहात? आणि उत्तर मिळेपर्यंत जागे राहू या.