सराव की सोंग?

प्रिय धर्मग्रामस्थहो,

गेल्या पावसाळ्यापासून सायंकाळी साडेसातच्या सुमारास धर्मगुरू-निवासातून येणारे चित्रविचित्र आवाज आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहेत. काहींनी काळजीने चौकशीही केली. आता कबूल करणे भाग आहे : आम्ही अकॉर्डियन शिकत आहोत. तेही वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आणि दुसऱ्याने वापरलेल्या जुन्या वाद्यावर.

एका निवृत्त बँडवादकाने ते विकायला काढले होते. उजव्या हाताला पियानोसारख्या ४१ पट्ट्या, डाव्या हाताला १२० बटणे, मध्ये भाता आणि वजन सुमारे १० किलो. सिरिल डेमियन यांनी १८२९ साली व्हिएन्ना येथे अकॉर्डियनचे पेटंट घेतले, तेव्हाचे वाद्य याहून पुष्कळ लहान होते. आतील तत्त्व मात्र आपल्या परिचयाच्या पेटीचेच. भात्यातील हवेने पातळ पत्ती म्हणजे रीड कंप पावते आणि सूर उमटतो. अडचण अशी की, डावीकडची बटणे वाजवणाऱ्याला दिसतच नाहीत. त्यांतील एका बटणाला खूण म्हणून खळगी असते. ती बोटाने चाचपायची आणि तिच्यावरून बाकीची बटणे ओळखायची. पहिला महिना आमचा ती खळगी शोधण्यातच गेला.

याच दिवसांत एक गृहस्थ भेटायला आले. त्यांच्या परवानगीने, पण नाव न सांगता, त्यांचे म्हणणे येथे मांडत आहोत. वाडीच्या बांधावरून थोरल्या भावाशी त्यांचे सात वर्षे बोलणे नव्हते. आईच्या वर्षमिस्साला दोघे समोरासमोर येणार होते. आम्ही म्हणालो, "निदान दोन शब्द बोला." त्यावर ते म्हणाले, "फादर, मनात राग धुमसतोय आणि तोंडानं 'दादा, कसा आहेस?' विचारायचं? हे ढोंग नाही का?"

आम्ही ठरावीक उत्तर दिले. त्यांचे समाधान झाले नाही. खरे तर आमचेही झाले नाही. प्रश्न प्रामाणिक होता. मनात नसलेला चांगुलपणा आचरणात आणणे हा खोटेपणा आहे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात आम्ही हाच प्रश्न वाचला होता. त्याचे म्हणणे असे की, माणूस घरे बांधून गवंडी होतो, लायर हे तंतुवाद्य वाजवून वादक होतो. तसाच तो न्यायाची कृत्ये करून न्यायी होतो. मग शंका येते : न्यायाचे कृत्य करणारा आधीच न्यायी नसतो काय? ॲरिस्टॉटल उत्तर देतो की, एखादा मनुष्य दुसऱ्याच्या सांगण्यावरून शुद्ध वाक्य लिहू शकतो. तेवढ्याने तो व्याकरण जाणणारा ठरत नाही. कृती आधी येते, ती अंगी मुरते नंतर. परीक्षेसाठी हे आम्ही पाठ केले होते. त्याचा अर्थ कळला तो डाव्या हाताची बटणे चाचपताना!

शिकणारा चुकीचा सूर वाजवतो, तेव्हा तो कोणाला फसवत नसतो. 'मी वादक आहे' असा त्याचा दावाच नसतो. सोंग करणाऱ्याला जे नाही ते लोकांना भासवायचे असते. सराव करणाऱ्याला जे नाही ते आपल्यात आणायचे असते. बाहेरून दोघांची कृती सारखी दिसेल, दोघांचे तोंड मात्र वेगवेगळ्या दिशांना असते. म्हणून त्या गृहस्थांनी 'माझ्या मनात काही नाही' असे म्हणण्याची गरज नव्हती. ते खोटे झाले असते. 'राग अजून आहे, पण बोलायला आलोय' हे मात्र खरे होते.

मन निवळल्यावर बोलू, असे आपण म्हणतो. आमच्या अकॉर्डियनचे वरच्या टोकाचे दोन सूर मुळीच उमटत नव्हते. कारागिराने उघडून पाहिले. रीड मोडल्या नव्हत्या. वर्षानुवर्षे कोणी त्या वाजवल्याच नाहीत, म्हणून धूळ आणि गंज बसून अडकल्या होत्या. न वाजवलेला सूर वाट पाहून गोड होत नाही, तो मुका होतो.

एक सावधगिरीही हवी. चांगले वादक आणि वाईट वादक दोघेही वाजवूनच घडतात, असे ॲरिस्टॉटल बजावतो. ज्यांच्याकडून वाद्य घेतले ते बँडवादक आम्हांला सांगतात, "फादर, जिथं चुकतंय तिथं घाई करू नका. चूकसुद्धा पाठ होते." भावाशी रोज टोचून बोलणारा माणूसही सरावच करत असतो, आणि त्यात तो तरबेज होत जातो.

वर्षमिस्सा झाली. दोघे भाऊ दोन वाक्ये बोलले, तीही अडखळत. बांधाचा प्रश्न तसाच आहे. परंतु पायरीवर उभ्या असलेल्या कोणीतरी शेरा मारला, "बघा, नाटक चाललंय!" तो शेरा आम्हांला आमच्या कोणत्याही बेसुरापेक्षा अधिक कर्कश वाटला.

प्रियजनहो, शिकणाऱ्याचे एक कर्तव्य असते, तसे शेजाऱ्याचेही असते. आमचे बेसूर वाजवणे आपण इतके महिने सोसले. कोणी खिडकी लावून घेतली, पण कोणी हसले नाही. एखादा माणूस बऱ्याच वर्षांनी पहिला चांगला शब्द उच्चारतो, तेव्हा तोही थोडा बेसूरच निघणार. त्याला एवढीच सवलत द्या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू